नोकरी सांभाळून नवं शिक्षण: पैसे कुठून उभे करायचे?

बोरूबहाद्दर (धागाकर्ता)

नोकरीत किंवा धंद्यात स्थिरावलेल्या माणसाला नवं काही शिकायचं असलं की तो आधी 'शिष्यवृत्ती' हा शब्द शोधतो आणि तिथेच फसतो. शिष्यवृत्त्यांचा मोठा भाग विशीतल्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी असतो. मोठ्या माणसांसाठीचा पैसा दुसऱ्याच नावांखाली पडलेला असतो: कंपनीची प्रशिक्षण तरतूद, रोजगार कार्यालयाचं व्हाउचर, सरकारने नावावर टाकलेली शिक्षणाची जमा, करातली सवलत, व्यावसायिक संस्थेची फीमाफी, कामगार संघटनेचा निधी.

हा धागा त्या पैशांसाठी. एक विनंती, स्वतःचे अनुभव नकोत. नियम, आकडे आणि कुठे गाडं अडतं तेवढंच लिहा. नाहीतर दहाव्या प्रतिसादाला धागा 'आमच्या वेळी' वर घसरतो.

सुरुवात मीच करतो, आणि ज्या एका चुकीपायी सगळ्यात जास्त पैसा हातचा जातो तिच्यापासून करतो. आधी मंजुरी, मग प्रवेश. फी भरून पावती घेऊन गेलात की बहुतेक ठिकाणी दार बंद. जर्मनीत रोजगार कार्यालयाचं शिक्षण-व्हाउचर, बिल्डुंग्सगुटशाइन, वर्ग सुरू होण्याआधी हातात असावं लागतं. सिंगापूरमध्ये स्किल्सफ्यूचर क्रेडिटचा, म्हणजे सरकारने नावावर टाकलेल्या शिक्षणाच्या जमेचा, दावा वर्ग सुरू व्हायच्या आत टाकावा लागतो. फ्रान्समधल्या वैयक्तिक प्रशिक्षण खात्यातून, सीपीएफमधून, पैसे वापरायचे तर नोंदणीच त्यांच्या संकेतस्थळावरून करायची. बाहेर भरलेली फी मागाहून मिळत नाही. कंपन्यांची धोरणंही तशीच. कारण सोपं आहे: पैसे देणाऱ्याला संस्था त्याच्या यादीत आहे का, अभ्यासक्रम तुमच्या कामाशी जुळतो का, हे खर्चाआधी तपासायचं असतं. शिवाय तुम्ही स्वतः पैसे भरलेत म्हणजे तुम्हाला मदतीची गरज नव्हती, असाही अर्थ काढला जातो.

'जागा राखण्यासाठी थोडीशी रक्कम' हासुद्धा काही ठिकाणी प्रवेशच धरतात. संस्था घाई करत असेल तर ईमेलवर लिहून द्या की प्रवेश आर्थिक मंजुरीच्या अधीन आहे, आणि मंजुरी न आल्यास अनामत परत मिळेल असं त्यांच्याकडून लेखी घ्या. ते द्यायला तयार नसतील तर पुढची बॅच बघा.

---

फायलींचा_ढीग

कंपनीकडून पैसे मागण्याबद्दल लिहितो, कारण सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी मागितला जाणारा पैसा तोच.

वेळ: पुढच्या वर्षाचं बजेट ठरतं तेव्हा मागा, म्हणजे आर्थिक वर्ष संपायच्या दोन-तीन महिने आधी. वर्षाच्या मध्यात साहेबाला पटलं तरी त्याच्या हातात रक्कम नसते. याला एक अपवाद आहे. वर्ष संपताना खात्यात न वापरलेली प्रशिक्षणाची रक्कम उरते आणि ती परत जाणार असते. त्या शेवटच्या महिन्यात छोटा, आठवड्याभराचा कोर्स पटकन मंजूर होतो.

कागद: एकच पान. त्यावर अभ्यासक्रमाचं नाव, संस्था, तारखा, एकूण खर्च (नुसती फी नाही), कामाचे किती तास जातील, त्या तासांचं काम कोण बघेल, आणि शिकून झाल्यावर सध्या बाहेरून करून घेतलं जाणारं किंवा अडलेलं कुठलं काम तुम्ही कराल. शेवटचा मुद्दा नसेल तर बाकीचं पान वाया. 'माझी प्रगती होईल' हे वाक्य मंजुरी देणाऱ्याच्या काही कामाचं नाही; त्याला वर काय सांगायचं ते लिहून द्या.

आता खाचखळगे. कंपनी थेट संस्थेला पैसे देणार की तुम्ही भरून मागाहून परतावा घेणार, हे आधी विचारा. परताव्याच्या पद्धतीत पैसे साधारणपणे निकाल लागल्यावर येतात, म्हणजे अभ्यासक्रमाचा पूर्ण काळ आणि वर दोन-तीन महिने तुमची रक्कम अडकते. नापास झालात किंवा ठरलेल्या श्रेणीच्या खाली गेलात तर परतावा नाही, अशी अट असते. पावती तुमच्या नावावर हवी की कंपनीच्या, हेही विचारून घ्या. चुकीच्या नावाची पावती लेखा विभाग परत पाठवतो आणि संस्था जुन्या तारखेची नवी पावती देत नाही.

'बजेट नाही' असं उत्तर आलं तर विषय सोडू नका, वेळ मागा. परीक्षेच्या दिवसाची पगारी रजा, आठवड्यातून एक दुपार, पाळीची अदलाबदल. पगारी शैक्षणिक रजेवर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९७४ चा करार क्रमांक १४० आहेच. ब्रिटनमध्ये २५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी २६ आठवडे काम केलेल्याला प्रशिक्षणासाठी वेळ मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. वेळ मिळालाच पाहिजे असं नाही, पण मागणीचा विचार करणं मालकाला भाग आहे.

---

तिरकी_रेघ

वरच्यात एक भर. तुम्ही जे शिकणार आहात ते कायद्याने तुमच्या कामाला बंधनकारक असेल तर पैसे मागायचेच कशाला? युरोपीय संघाच्या २०१९/११५२ या निर्देशाच्या कलम १३ प्रमाणे मालकाला कायद्याने किंवा सामूहिक करारानुसार द्यावंच लागणारं प्रशिक्षण कामगाराला फुकट, कामाच्या तासांत धरून, आणि शक्य तिथे कामाच्या वेळेतच द्यायचं असतं. सुरक्षेचे, यंत्र चालवण्याचे कितीतरी कोर्स यात मोडतात आणि लोक मुकाट्याने स्वतःच्या खिशातून भरत असतात.

---

उंबरठा

कंपनीने पैसे दिले की बाँड येतो, त्याचं कोणी सांगत नाहीये. दोन वर्षं बांधून घेणार असतील तर फुकटचं शिक्षण महाग पडतं. माझं मत: बाँडवर सही करण्यापेक्षा कर्ज परवडलं.

---

फायलींचा_ढीग

@उंबरठा, सरसकट असं नको. बाँड कसला आहे त्यावर सगळं अवलंबून. दोन मसुदे शेजारी ठेवून बघा.

कंपनीने १,२०,००० भरले, बंधन २४ महिने. पहिल्या मसुद्यात परतफेड दर महिन्याला समान उतरते: महिन्याला ५,०००. १५ महिन्यांनी नोकरी सोडली तर उरलेल्या ९ महिन्यांचे ४५,०००. दुसऱ्या मसुद्यात 'मुदतीआधी सोडल्यास संपूर्ण रक्कम' असं आहे. तिथे तेविसाव्या महिन्यालाही १,२०,००० द्यावे लागतात. पहिल्यावर खुशाल सही करा. दुसऱ्यावर 'प्रमाणशीर उतरती परतफेड' हे शब्द घालून घेतल्याशिवाय करू नका. बहुतेक वेळा मनुष्यबळ विभाग ते मान्य करतो, पण विचारावं लागतं.

बाकीचं काय बघायचं:

मुदत कधीपासून मोजणार, सहीपासून की प्रशिक्षण संपल्यापासून? वर्षभराच्या कोर्सला हा फरक वर्षाचा पडतो. कंपनीनेच काढून टाकलं किंवा पद रद्द झालं तर परतफेड माफ, हे स्पष्ट लिहिलंय का? परतफेडीच्या रकमेत नुसती फी आहे, की प्रशिक्षणाच्या काळातला पगार आणि प्रवासही धरलाय? आणि रक्कम शेवटच्या पगारातून एकरकमी कापणार की हप्त्याने? पगार कापला तर नोकरी बदलण्याच्या महिन्यात हातात काहीच येत नाही, तिथेच लोक कोलमडतात.

---

कलमकसाई

कायद्याच्या बाजूने. बाँड म्हणजे वेठबिगारी, कोर्टात टिकत नाही, हा समज चुकीचा आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या किमान सेवेचा आणि २ लाख रुपयांच्या भरपाईचा बाँड वैध ठरवला. त्याच वेळी भारतीय करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं की भरपाई वाजवी असावी. करारात लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा असते. म्हणजे दोन दिवसांच्या अंतर्गत कार्यशाळेसाठी पाच लाखांचा बाँड असेल तर भांडायला जागा आहे, पण कंपनीने बाहेरच्या संस्थेला खरोखर भरलेली फी ती मागू शकते.

उलट कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२६ पासूनच्या करारांमध्ये 'राहा नाहीतर भरा' या प्रकारावर बरीच बंदी घातली, काही अपवाद ठेवून. म्हणजे उत्तर तुम्ही कुठे काम करता त्यावर ठरतं. जालावरचा दुसऱ्या देशातला सल्ला उचलू नका.

---

हप्ताबंद

@उंबरठा यांचं 'कर्ज परवडलं' वाचून हा हिशेब टाकल्याशिवाय राहवेना. चलन कुठलंही धरा.

एक. फ्लॅट दर. संस्थेच्या टेबलावर बसलेला माणूस म्हणतो, '१,००,००० ला १२ टक्के, १२ हप्ते.' हप्ता: १,१२,००० भागिले १२, म्हणजे ९,३३३. ऐकायला बरं वाटतं. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता आणि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण मुद्दलावर लावलेलं असतं. घटत्या शिलकीवर हाच दर साधारण २१.५ टक्के होतो. जवळपास दुप्पट. म्हणून कुठलाही दर ऐकला की पहिला प्रश्न: फ्लॅट की घटत्या शिलकीवर?

दोन. 'बिनव्याजी' हप्ते. एकरकमी भरल्यास ९०,०००, हप्त्याने १२ महिने ८,३३३. हप्त्यांची बेरीज १,००,००० आणि 'छापील फी' पण १,००,०००, म्हणून बिनव्याजी! खरी किंमत ९०,००० आहे, कारण रोख देणाऱ्याला ती तेवढ्यालाच मिळते. ९०,००० च्या उसनवारीवर १२ महिने ८,३३३ म्हणजे वर्षाला साधारण २० टक्के. प्रक्रिया शुल्क असेल तर आणखी वर. एकरकमी सूट किती, हे विचारल्याशिवाय हप्त्याच्या कागदाला हात लावू नका.

तीन. शिकताना हप्ता नाही. ५,००,००० चं कर्ज, १० टक्के, अभ्यासक्रम २४ महिने आणि वर ६ महिन्यांची सूट. या ३० महिन्यांत साधं व्याज १,२५,००० होतं आणि ते मुद्दलात मिसळतं. मग १० वर्षांचा हप्ता ६,२५,००० वर बसतो: महिना सुमारे ८,२५९. शिकतानाच दरमहा ४,१६७ व्याज भरत राहिलात तर मुद्दल ५,००,००० च राहतं आणि हप्ता सुमारे ६,६०८. १२० हप्त्यांत फरक सुमारे १,९८,००० चा. शिकताना भरलेले १,२५,००० वजा केले तरी ७३,००० च्या आसपास वाचतात. नोकरी चालू असलेल्या माणसाला हे शक्य असतं. नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलाला नसतं. मोठ्या माणसाचा खरा फायदा इथे आहे आणि तोच कोणी घेत नाही.

भारतात ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ (म्हणजे वैयक्तिक ग्राहकांच्या) कर्जांसोबत 'मुख्य तथ्य पत्रक' देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलंय. त्यात सगळे आकार धरून वार्षिक टक्केवारी दर असतो. टेबलावरच्या माणसाच्या तोंडच्या दराऐवजी तो आकडा वाचा.

---

शून्यशिल्लक

एक शंका. कोर्स मध्येच सोडला तर हप्ते बंद होतात का?

---

हप्ताबंद

नाही! आणि नेमकं इथेच फसगत होते. हप्त्याची सोय संस्था दाखवते, पण करार तुमचा आणि वित्तसंस्थेचा असतो. वित्तसंस्थेने पूर्ण रक्कम पहिल्याच आठवड्यात शिक्षणसंस्थेला दिलेली असते. तुम्ही वर्ग सोडलात तरी कर्ज तसंच उभं असतं. परतावा मिळायचा असेल तर तो शिक्षणसंस्थेकडून वित्तसंस्थेला जातो, मग तुमच्या खात्यात वळता होतो, आणि याला महिने लागतात. मधल्या काळात रागाने हप्ते थांबवले की पतनोंद बिघडते, आणि ती नीट व्हायला परताव्यापेक्षा जास्त वेळ जातो.

क्रम असा ठेवा: रद्द करण्याची सूचना ईमेलने, तारखेसह, दोघांनाही. हप्ते चालू. परतावा जमा झाल्यावर उरलेला हिशेब लेखी मागायचा. शून्य झाल्यावर ना-देय दाखला घ्यायचा. फोनवर 'झालं सर, बंद केलं' म्हणाले तर ते धरू नका.

---

गच्चीवरचा_वारा

'नोकरी लागल्यावर पगारातून टक्केवारी द्या, आत्ता काही नको' या प्रकाराबद्दल काय मत आहे? उत्पन्न-वाटा करार म्हणतात तो.

---

कलमकसाई

चार आकडे बघितल्याशिवाय मत देता येत नाही: टक्केवारी, किती महिने, किती पगाराच्या वर वसुली सुरू, आणि कमाल मर्यादा. चौथा आकडा नसेल तर पगार चांगला मिळालेल्याला हे कुठल्याही कर्जापेक्षा महाग पडतं. शिवाय 'नोकरी' ची व्याख्या वाचा. शिकलेल्या विषयातलीच नोकरी, की कुठलीही? आधीपासून नोकरीत असलेल्याने हा करार केला आणि व्याख्या 'कुठलंही उत्पन्न' अशी असेल तर पहिल्याच महिन्यापासून कापणी सुरू.

आणि 'हे कर्ज नाही' ही जाहिरात मनावर घेऊ नका. अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोने एप्रिल २०२४ मध्ये एका कोडिंग शाळेविरुद्ध आदेश काढला. असे करार हे कर्जच आहेत, त्यात वित्तीय आकार दडलेला होता आणि नोकरी लागण्याचं प्रमाण फुगवून सांगितलं होतं, असं त्यात म्हटलंय. पर्ड्यू विद्यापीठाने २०१६ मध्ये सुरू केलेली अशीच योजना २०२२ मध्ये थांबवली.

---

बोरूबहाद्दर

कर्जाची बाजू भरपूर झाली. आता सरकारी योजनांकडे वळूया का? ज्यांना ज्या देशाचं ठाऊक आहे त्यांनी टाका. योजनेची नुसती नावं नकोत, अडतं कुठे तेही हवं.

---

उत्तरायण

जर्मनी. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक घोळ करतात.

बिल्डुंग्सगुटशाइन मुख्यतः बेकार किंवा नोकरी जाण्याच्या बेतात असलेल्यांसाठी. हे बहुतेक वेळा हक्काचं नसतं, सल्लागार अधिकाऱ्याच्या निर्णयावर असतं. म्हणून भेटीला जाताना तुम्हाला जे काम करायचं आहे त्याच्या सध्याच्या आठ-दहा जाहिराती छापून न्या, प्रत्येकीत मागितलेलं कौशल्य अधोरेखित करून. 'मला आवडतं' चालत नाही, 'या कौशल्याअभावी नोकरी मिळत नाही' चालतं. संस्था आणि अभ्यासक्रम दोन्ही 'एझेडएव्ही' (अशा सरकारी पैशासाठी लागणारी मान्यता) प्रमाणित हवेत. फक्त संस्था प्रमाणित असून भागत नाही. व्हाउचरची मुदत जास्तीत जास्त तीन महिने, म्हणून बॅचची तारीख आधी बघून मगच व्हाउचर काढा.

दुसरी आउफश्टीग्स-बाफ्योग. मास्टर कारागीर, तांत्रिक पदविका असल्या वरच्या पायरीच्या शिक्षणासाठी. वयाची अट नाही. फीसाठी १५,००० युरोपर्यंत, त्यातली अर्धी रक्कम अनुदान, अर्धी स्वस्त कर्ज, आणि परीक्षा पास झालात की उरलेल्या कर्जातलंही अर्धं माफ. मास्टरची परीक्षा द्यायच्या विचारात असलेल्याने हे सोडून बँकेत जाऊ नये.

स्वीडन. नोकरदारांसाठी २०२२ मध्ये नवी मदत आली, साधारण पगाराच्या ८० टक्क्यांपर्यंत (वर मर्यादा आहे), पूर्णवेळ ४४ आठवड्यांपर्यंत. मागच्या १४ वर्षांत ८ वर्षं काम हवं. सुरुवातीच्या काळात अर्ज इतके आले की कितीतरी लोकांना निकाल वर्ग सुरू झाल्यावर कळला. अर्ज खिडकी उघडते त्याच दिवशी टाका.

---

पाटीपेन्सिल

अमेरिका, कॅनडा.

अमेरिकेत कंपनी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत शिक्षणखर्च करमुक्त देऊ शकते, तिथल्या करकायद्याचं कलम १२७. कंपनीकडे लेखी योजना असावी लागते. नसेल तर लेखा विभागाला हे कलम दाखवा, छोट्या कंपन्यांना ते माहीतच नसतं. त्यापलीकडचा खर्च स्वतः केला तर लाइफटाइम लर्निंग क्रेडिट, म्हणजे करातून थेट वजा होणारी सवलत: पहिल्या १०,००० डॉलरच्या २० टक्के, म्हणजे कमाल २,०००. किती वर्षं घ्यावं याला मर्यादा नाही, एकच कोर्स असला तरी चालतो, पण संस्था पात्र हवी आणि उत्पन्नाची मर्यादा आहे. कंपनीने करमुक्त दिलेल्याच पैशांवर पुन्हा क्रेडिट घेता येत नाही. हा दुहेरी दावा नोटीस आणतो.

नोकरी गेलेल्यांसाठी जॉब सेंटरमधून वैयक्तिक प्रशिक्षण खातं मिळतं. अभ्यासक्रम राज्याच्या पात्र यादीत हवा. यादी आधी, कोर्स नंतर; उलटं करणाऱ्यांचे अर्ज पडतात.

कॅनडात करातलं प्रशिक्षण क्रेडिट वर्षाला २५० डॉलरने साठतं, आयुष्यभराची मर्यादा ५,०००. फीच्या निम्म्यापर्यंतच वापरता येतं. निवृत्तीच्या बचतीतून शिक्षणासाठी वर्षाला १०,०००, एकूण २०,००० काढता येतात आणि १० वर्षांत परत भरायचे. एखाद्या वर्षीचा हप्ता भरला नाही तर ती रक्कम त्या वर्षीचं उत्पन्न धरून कर लागतो. आणि बेरोजगार विम्यावर असताना परवानगीशिवाय पूर्णवेळ वर्गात बसलात तर विमाच बंद होऊ शकतो. पुन्हा तेच, आधी मंजुरी.

---

अडकित्ता

भारत. शैक्षणिक कर्जाला वय झालं म्हणून हात आखडू नका. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण आणि स्वतःचा वाटा लागत नाही. त्यावर देशातल्या शिक्षणाला ५ टक्के, परदेशातल्याला १५ टक्के वाटा. परतफेड अभ्यासक्रम आणि वर एक वर्ष झाल्यावर. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ८०ई खाली व्याजाची पूर्ण वजावट, ८ वर्षांपर्यंत, स्वतःच्या शिक्षणालाही. पण फक्त जुन्या करप्रणालीत, आणि कर्ज बँक, मान्य वित्तसंस्था किंवा मान्य धर्मादाय संस्थेचंच हवं. मामाकडून किंवा कंपनीकडून घेतलेल्या उसन्यावर वजावट नाही. नव्या प्रणालीत गेलेल्याने ८०ई धरून कर्जाचा हिशेब केला तर तो कोसळतो.

हाताने काम करणाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२३ ची पीएम विश्वकर्मा: १८ पारंपरिक व्यवसाय, ५ ते ७ दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० चं ई-व्हाउचर, नंतर १ लाख आणि मग २ लाखांचं कर्ज ५ टक्क्यांनी. कुटुंबातून एकालाच. नवरा-बायको दोघांनी अर्ज टाकून घोळ घालू नये.

---

तिरकी_रेघ

ब्रिटनची एकच गोष्ट, कारण ती फार कमी जणांना ठाऊक असते. इंग्लंडमध्ये पदवीच्या आधीचा 'ॲक्सेस' अभ्यासक्रम प्रौढ शिक्षणकर्जावर केला आणि पुढे पदवी पूर्ण केली तर ॲक्सेसचं उरलेलं कर्ज माफ होतं. पदवी अर्धवट सोडली तर नाही.

---

कलमकसाई

सरकारी पैसा आला की त्याच्यामागे ठग येतात, हेही इथे लिहून ठेवू. इंग्लंडची वैयक्तिक शिक्षण खाती सप्टेंबर २००० मध्ये सुरू झाली आणि गैरव्यवहारामुळे नोव्हेंबर २००१ मध्ये बंद करावी लागली. सिंगापूरमध्ये २०१७ मध्ये बनावट प्रशिक्षण कंपन्यांकडून सुमारे ४ कोटी सिंगापूर डॉलरची लूट उघडकीला आली. फ्रान्समध्ये सीपीएफच्या नावाने इतके फोन आणि संदेश येऊ लागले की डिसेंबर २०२२ मध्ये कायद्यानेच त्यावर बंदी घातली.

ठग ओळखायला फार अक्कल लागत नाही. 'तुमच्या खात्यात शिल्लक आहे, आज संपतेय' असा फोन. लॉगिन किंवा ओटीपीची मागणी. कोर्स केल्यावर टॅब्लेट फुकट. आणि सगळ्यात वाईट, 'वर्गाला येऊ नका, सही करा, निम्मे पैसे तुम्हाला'. यात शिकणाराही गुन्ह्यात सामील होतो. सिंगापूरच्या प्रकरणांत व्यक्तींकडूनही वसुली झाली.

---

अडकित्ता

पैसे उभे करण्याआधी बिल छोटं करा, या बाजूला अजून कोणी आलंच नाही.

काम येतंय पण कागद नाही, अशांनी पूर्ण कोर्स करू नये. आधी मिळवलेल्या कौशल्याचं मूल्यमापन करून प्रमाणपत्र देण्याची सोय पुष्कळ देशांत आहे. भारतात कौशल्य विकास योजनेखाली ती आहे, फ्रान्समध्येही आहे. तिथे खर्च मूल्यमापनाचा आणि उणीव भरून काढणाऱ्या तेवढ्याच भागाचा.

विषयमाफी फुकट असते असं धरू नका. एसीसीए या ब्रिटिश लेखापाल संस्थेच्या परीक्षांमध्ये ज्या पेपरची माफी मिळते त्याचंही शुल्क भरावं लागतं. तरी तयारीचा वेळ वाचतो, पण हिशेबात धरा.

बऱ्याच प्रमाणपत्रांची मुदत ३ वर्षांची. सीसीएनए (सिस्कोचं नेटवर्किंगचं प्रमाणपत्र) तीन वर्षांनी नवं करावं लागतं, पीएमपीला (प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र) तीन वर्षांत ६० व्यावसायिक विकास एकक जमवावे लागतात आणि नूतनीकरणाचं शुल्क वेगळं. कंपनीकडे मागताना नूतनीकरण आत्ताच करारात घाला. तीन वर्षांनी वेगळं मागितलं की 'ते तुमचं वैयक्तिक' असं उत्तर येतं.

---

शून्यशिल्लक

दोन ठिकाणचा पैसा एकत्र करता येतो का? समजा निम्मी फी कंपनी देतेय आणि उरलेल्यासाठी सरकारी योजना.

---

पाटीपेन्सिल

बहुतेक वेळा येतो, एकाच खर्चावर दोनदा नसेल तर. म्हणून खर्च तोडून दाखवा. शिकवणी फी कंपनीकडे, परीक्षा शुल्क आणि पुस्तकं दुसरीकडे, प्रवास-मुलांची सोय तिसरीकडे. संस्थेला बिल एकरकमी न देता बाबवार द्यायला सांगा. एकरकमी बिल असलं की दुसरा निधी देणारा म्हणतो, यातलं माझं कोणतं? आणि पहिल्या मदतीची माहिती दुसऱ्याच्या अर्जात द्या. लपवलेली मदत सापडली तर पूर्ण अनुदान परत मागतात, वाढीव तेवढंच नाही.

क्रमही महत्त्वाचा. परत न करायचा पैसा आधी (कंपनी, व्हाउचर, अनुदान), मग कर, मग स्वतःची बचत, आणि उरलेल्या भोकापुरतंच कर्ज. उलट्या क्रमाने गेलात तर कर्ज मंजूर असल्याचं बघून अनुदानवाले 'गरज नाही' म्हणतात.

---

फायलींचा_ढीग

@पाटीपेन्सिल, बाबवार बिलाला +१. नावाचंही बघा. ओळखपत्र, पगारपत्रक, संस्थेची पावती, बँक खातं, चारही ठिकाणी नावाची एकच वर्तनी. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचे अर्ज या एका कारणाने अडकतात. नावबदलाचा कागद विचारायच्या आधीच जोडा.

---

बोरूबहाद्दर

सगळ्यांचे आभार. वरचे हिशेब आणि देशवार माहिती मुख्य लेखात ओढून घेतो. व्यावसायिक संस्थांच्या फीसवलतीबद्दल अजून काहीच आलेलं नाही. सनदी लेखापाल, परिचारिका, अभियंते यांच्या संघटनांमधलं कोणी वाचत असेल तर लिहा: सवलत सभासदालाच मिळते का, किती जुनी सभासदी लागते, आणि अर्जाची खिडकी वर्षातून किती वेळा उघडते.